मनगटावरच्या तक्रारी

घड्याळात पाहून हात खाली घेतो न घेतो तोच शेजारच्याने "किती वाजले हो?" असे विचारले, तर आपल्याला पुन्हा घड्याळात पाहावे लागते. नेरूळहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये हा अनुभव कोणालाही घेता येईल. याचा अर्थ असा की, आपण तास-मिनिटे पाहत नसतो. उशीर झाला की नाही एवढेच पाहत असतो. सामान्य माणसाचे घड्याळाशी इतकेच नाते. परंतु या जगात आणखी एक जमात आहे. ती घड्याळात पाहते आणि वेळ सोडून बाकी सर्व काही तिला दिसते. तारखेची खिडकी तिरपी आहे, मिनिटकाटा कडेपर्यंत पोचत नाही, सेकंदकाटा खुणेवर न थांबता दोन खुणांच्या मध्ये थांबतो, अशा गोष्टींनी या लोकांचा दिवस खराब होतो. गेली तीन वर्षे मी या जमातीत आहे. घरात याला 'खूळ' हा एकच शब्द आहे. हे खूळ नसून त्यामागे काही विचार आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

खिशात मोबाइल असताना मनगटावर घड्याळ कशाला, हा प्रश्न मला वर्गातल्या प्रत्येकाने विचारलेला आहे. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. आजोबा घड्याळ बांधत आले म्हणून मी त्याच्याकडे पाहत आलो, एवढेच.

आजोबांचे घड्याळ म्हणजे एचएमटीचे 'जनता'. आजच्या वाचकांपैकी अनेकांना हे नाव आजोबांच्याच तोंडून ऐकून माहीत असेल. १९५३ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान मशिन टूल्स या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला मनगटी घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे मध्यमवर्गीयांच्या मनगटावर त्यांचेच राज्य होते. लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटी. परीक्षेत पहिला आलेल्या मुलाला घड्याळ म्हणजे एचएमटी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरीला लागल्यावर आजोबांनी पहिल्या काही पगारांतून हे घड्याळ घेतले. रोज सकाळी चहाआधी चावी द्यायची आणि मग आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळेला ते लावून घ्यायचे, हा त्यांचा परिपाठ. पुढे टायटन आले. सेलवर चालणाऱ्या घड्याळांना चावीची कटकट नव्हती आणि रूपही देखणे होते. एचएमटी मागे पडत गेली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आजोबांचे घड्याळ मात्र चालूच होते.

या 'जनता'मध्ये तक्रार करण्यासारखे काय आहे? फार थोडे. व्यास सुमारे पस्तीस मिलिमीटर, म्हणजे मनगटावर मावणारा. फिकट तबकडी, तिच्यावर गडद आकडे, मध्यभागी तीन काटे. तारीख नाही. तासकाटा आकड्यांच्या आतल्या कडेला टेकतो, मिनिटकाटा बाहेरच्या खुणांपर्यंत जातो. एक दोष आहे खरा. वेळ लावण्यासाठी चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, आपला फिरतच राहतो. त्यामुळे रेडिओच्या शेवटच्या ठोक्याला सेकंदासहित घड्याळ जुळविणे हे नशिबाचे काम. परंतु हा दोष उघड आहे. घड्याळ तो लपवीत नाही. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावे.

आता तारखेच्या खिडकीकडे वळू, कारण जमातीतली निम्मी भांडणे तिच्यावरून होतात. तबकडीच्या खाली बांगडीसारखी एक चकती असते. तिच्यावर १ ते ३१ हे आकडे छापलेले असतात आणि यंत्र तिला चोवीस तासांत एक घर पुढे ढकलते. तबकडीला चौकोनी भोक पाडले की त्यातून एक आकडा दिसतो. रोलेक्स कंपनीने १९४५ साली 'डेटजस्ट' या स्वयंचलित घड्याळात अशी खिडकी दिली आणि पुढे ती सर्वांनीच उचलली. तीनच्या आकड्याच्या जागी ही खिडकी असली तर कोणाचे काही म्हणणे नसते. पण अलीकडे पुष्कळ कारखानदार ती चार आणि पाचच्या मध्ये पाडतात. का, तर एकही आकडा खर्ची पडू नये म्हणून. मग तारीख तिरपी दिसते, आणि इतक्या निगुतीने मांडलेल्या तबकडीत एकच दार कलंडलेले वाटते. त्याहून वाईट म्हणजे काळ्या तबकडीच्या खिडकीतून दिसणारी पांढरी चकती. काळी चकती निराळी करवून घ्यावी लागते, त्याला खर्च येतो. पांढरी तयार मिळते. दिवाणखान्याची भिंत हौसेने गडद रंगवावी आणि मधोमध पांढरा स्विचबोर्ड राहावा, तसे ते दिसते.

खिडकीवरून आणखी एक गोष्ट ओळखता येते, आणि ती मला फार मौजेची वाटते. बांगडीचा व्यास आतल्या यंत्राच्या मापावर ठरतो, बाहेरच्या डब्याच्या नव्हे. आजकाल चव्वेचाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरची, पुरणाच्या वाटीएवढी घड्याळे निघतात. पण आत यंत्र बसविलेले असते जुन्याच, लहान मापाचे. मग तारखेची खिडकी कडेला न राहता मध्याकडे सरकते. तुम्ही दुकानात एखादे भले दांडगे घड्याळ पाहिले आणि त्याची तारीख काट्यांच्या बुडाशी आलेली दिसली, तर समजावे की मोठ्या वाड्यात एक लहान बिऱ्हाड राहते आहे. तोकड्या काट्यांचे कारणही बहुधा असेच असते: लहान घड्याळाचे काटे मोठ्या तबकडीवर बसविलेले असतात. मिनिटकाटा खुणेपासून दूरच राहिला, तर अठरा मिनिटे झाली की एकोणीस हे तो कसे सांगणार?

तारखेच्या घड्याळाचा मालकाला होणारा त्रासही सांगून टाकतो. चकतीवर एकतीस घरे असतात, महिने मात्र सगळे एकतीस दिवसांचे नसतात. म्हणून १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ डिसेंबर, असे वर्षातून पाच वेळा तारीख हाताने पुढे घ्यावी लागते. ती रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान घेऊ नये. त्या वेळी तारीख बदलणारे दाते आधीच चकतीत गुंतलेले असतात. जबरदस्ती केली तर दाता मोडण्याची भीती. माझ्या एका मित्राने नवीन घड्याळाची तारीख रात्री बारा वाजता, हौसेने, सर्वांसमोर बदलली होती. पुढचे न विचारलेले बरे.

सेलच्या घड्याळातला सेकंदकाटा खुणेवर का थांबत नाही, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. या घड्याळात गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनचा पंधरावा घात आहे. विद्युत्-मंडल तिची पंधरा वेळा निम्मी निम्मी करीत जाते आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. त्या ठोक्यासरशी काटा एक पाऊल टाकतो. म्हणजे वेळ मोजण्यात चूक नाही. चूक असते ती काटा दांड्यावर बसविणाऱ्याच्या हातात, किंवा दात्यांमधल्या किंचित सैलपणात. सेइको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये 'अ‍ॅस्ट्रॉन' हे अशा प्रकारचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला काढले, आणि तेव्हापासून स्वस्तातले घड्याळसुद्धा चावीच्या महागड्या घड्याळापेक्षा अचूक चालू लागले. तरी काटा दोन खुणांच्या मध्ये थांबला की डोळ्याला खडा टोचतो तो टोचतोच. एवढे अचूक यंत्र करायचे आणि शेवटच्या काटेभर कामात हयगय करायची!

रोमन आकड्यांच्या तबकडीवर चार हा आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो, आणि शाळेत तर आपण तो पाचाच्या डावीकडे एक रेघ देऊन शिकलो. ही चूक दाखवून देणारा माणूस आपण मोठा जाणकार आहोत असे समजतो. वस्तुतः घड्याळवाल्यांची ही जुनी रूढी आहे. समोरच्या आठाच्या भरगच्च आकड्याला त्यामुळे तोल मिळतो, असे तिचे समर्थन करतात. लंडनच्या प्रसिद्ध मनोऱ्यावर मात्र शाळेतलाच चार आहे. अशा तक्रारी नवशिक्याच्या. मीही पहिल्या वर्षी केली होती.

आतापर्यंतच्या तक्रारी गैरसोयीच्या किंवा अव्यवस्थितपणाच्या झाल्या. अशीच आणखी एक म्हणजे चकचकीत तबकडीवरचे चकचकीत काटे. वाशीच्या खाडीपुलावर गाडी आली आणि ऊन आत शिरले की वेळेऐवजी आपलेच तोंड दिसते. फुगीर काचेने तर त्यात भरच पडते. तीनच्या बाजूची अणकुचीदार चावी मनगटाच्या पाठीला रुतते, ही दुसरी. सेइकोने १९६३ पासूनच्या आपल्या 'फाइव्ह' घड्याळांत चावी चारच्या बाजूला, अर्धी आत दडवून बसविली; त्या एका गोष्टीसाठी त्यांना शंभर गुन्हे माफ करावेत. असो. जमातीचा खरा राग याहून निराळ्या गोष्टींवर असतो, आणि तो म्हणजे तबकडीचे खोटे बोलणे.

उदाहरणार्थ, तबकडीवरच्या तीन छोट्या तबकड्या. मुळात त्या स्टॉपवॉचच्या कामाच्या: बाजूची कळ दाबली की मोठा सेकंदकाटा सुटतो, छोट्या तबकड्यांवर मिनिटे आणि तास मोजले जातात. हे यंत्र गुंतागुंतीचे आणि महाग. म्हणून काही हौसेच्या घड्याळांवर या तबकड्या नुसत्या छापलेल्या असतात. छोटे काटे चिकटविलेले, ते जन्मात हलत नाहीत. कळा दाबल्या तर दबतात, पण पलीकडे कोणी नसते. दारावर घंटी लावावी आणि तार जोडू नये, त्यातला प्रकार. काही घड्याळांत एका तबकडीवर चोवीस तासांचा काटा असतो. तो खरोखर फिरतो, परंतु मोठ्या तासकाट्यालाच जोडलेला असल्यामुळे दुपार आहे की मध्यरात्र यापलीकडे काही सांगत नाही. ते सांगायला खिडकी पुरते.

याच घड्याळांच्या कडेला वेग मोजण्याची पट्टी असते. एक किलोमीटर जायला पंचेचाळीस सेकंद लागले तर काटा ८० वर येतो, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटर. तीन हजार सहाशेला सेकंदांनी भागायचे, एवढेच त्यामागचे गणित. मात्र पट्टी बहुधा साठावरच संपते, कारण त्यापुढे मिनिट उलटते. संध्याकाळी तुर्भे नाक्यावर अडकलेल्या माणसाच्या मनगटावर ही पट्टी पाहिली की मला हसू आवरत नाही.

"वॉटर रेझिस्टंट ३० मीटर" हे शब्द तर घड्याळाच्या इतिहासात सर्वांत अधिक लोकांना फसविणारे असतील. वाचणाऱ्याला वाटते, तीस मीटर खोल पाण्यात नेले तरी चालेल. प्रत्यक्षात तेवढ्या खोलीच्या पाण्याइतका दाब प्रयोगशाळेत, स्थिर अवस्थेत, नव्या घड्याळावर दिलेला असतो. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे, एवढाच. पोहायचे तर शंभराचा आकडा पाहावा. रबराची कडी वर्षांनी कडक होते, मग तेवढेही राहत नाही. जूनच्या पहिल्या सरीत सीवूड्सच्या स्थानकातून घरापर्यंत धावत गेलेल्या किती घड्याळांच्या काचांवर आतून बाष्प धरत असेल!

माणकांचीही अशीच कथा. चाकांचे टोकदार दांडे जिथे टेकून फिरतात तिथे घर्षण कमी व्हावे म्हणून कृत्रिम माणके बसवितात. साध्या चावीच्या घड्याळाला सतरा पुरेशी होतात. 'जनता'तही सतराच आहेत. पण गिऱ्हाइकाला वाटते जितकी माणके जास्त तितके घड्याळ चांगले. म्हणून एके काळी परदेशात काही घड्याळांत, जिथे काहीच फिरत नाही अशा जागी माणके बसवून संख्या शंभरापर्यंत नेली होती. पुढे उपयोगी पडणारीच माणके मोजावीत, असा दंडक आंतरराष्ट्रीय पातळीवर झाला तेव्हा ही आरास थांबली.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांचे खोटे अधिक सूक्ष्म आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या काट्यांना खरोखरचे रेडियम लावीत. अमेरिकेत ते लावणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करीत. त्यांतल्या कित्येकींचे जबडे झडले आणि कित्येक मेल्या. आपल्याकडे रेडियम गेले, पण शब्द राहिला. रिक्षावर चमकणारी नावे चिकटविणाऱ्या दुकानावर आजही 'रेडियम' अशीच पाटी असते, आणि त्यात रेडियम औषधालाही नसते. आज काट्यांना निर्धोक रंग लावतात, तो उजेड पिऊन अंधारात परत देतो. जुन्या घड्याळांवरचा रंग काळाने पिवळा-तपकिरी पडतो, आणि शौकिनांना तो आवडतो. हे कळल्यावर कारखानदारांनी नव्या कोऱ्या घड्याळालाच तपकिरी रंग लावायला सुरुवात केली. कालच्या घड्याळाला चाळीस वर्षांचे म्हातारपण!

याच्या नेमका उलट प्रकार आपल्या मुंबईत होतो, आणि त्यामुळे शहराचे नाव जगभरच्या संग्राहकांत झाले आहे. ते काही अभिमानाने घ्यावे असे नाही. जुन्या घड्याळाची तबकडी खरवडून, नव्याने रंगवून, त्यावर अक्षरे छापून विकतात, त्याला हे लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईत जुनी घड्याळे मुबलक. ज्यांना आपल्याकडे 'फेवरलुबा' म्हणत ते स्विस व्यापारी १८६५ पासून हिंदुस्थानात व्यवहार करीत होते, वेस्ट एंड कंपनीची घड्याळे इथे पिढ्यान्‌पिढ्या खपली, त्यात सेइको आणि एचएमटीची भर. अशी घड्याळे नारिंगी, पोपटी, निळ्या तबकड्या लेवून चोरबाजारात आणि हल्ली थेट परदेशात विकली जातात. कंपनीने तो रंग कधी काढलेलाच नसतो. अक्षरे जाड, खुणा असमान, कुठे सैन्याचे चिन्ह, कुठे रेल्वेचे. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याचा डबा, तिसऱ्याचे काटे. तबकडी रेडियमची असली तर खरवडणाऱ्याच्या नाकातोंडात काय जात असेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. तिची चमक केव्हाच विझलेली असते; रेडियम मात्र सोळाशे वर्षांत निम्मे होते.

माझी बाजू इथे थोडी कच्ची पडते, कारण आता आजोबांचे घड्याळ मध्ये येते. दीड वर्षापूर्वी त्याची काच तडकली म्हणून मी ते एका घड्याळजीकडे दिले. नाव-गाव सांगत नाही. आठ दिवसांनी घड्याळ परत आले ते नव्या काचेसह आणि नव्या, झगझगीत पांढऱ्या तबकडीसह. 'जनता' ही अक्षरे पूर्वीपेक्षा जाड आणि किंचित उजवीकडे कललेली. सहा आणि सातच्या मध्ये चार खुणा असायला हव्यात, तिथे तीनच. "जुनी तबकडी द्या," मी म्हटले. "हीच ती," घड्याळजी म्हणाले, "साफ करून रंगवून दिली. डाग फार पडले होते. वेगळे पैसे नाही घेतले तुमच्याकडून." म्हणजे परत मागण्यासारखे काही उरलेच नव्हते. आजोबांच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या घामाने आणि कारखान्याच्या हवेने पिवळी झालेली ती तबकडी माझ्या दृष्टीने घड्याळाचे सर्वस्व होती.

घरी आल्यावर मी घुश्शातच होतो. आजोबांनी घड्याळ हातात घेतले, दिव्याखाली धरले आणि म्हणाले, "अरे वा! आता दिसतंय तरी. दोन वर्षं नुसत्या अंदाजानं वेळ सांगत होतो मी."

हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. मी घड्याळाचे डाग पाहत होतो, आणि त्या डागांमागे काटे दिसेनासे झाले होते. त्या घड्याळजींनी आजोबांना फसविले असे मला आज म्हणता येत नाही. आपल्याकडे तबकडी रंगविणे हा दुरुस्तीचाच एक भाग होता. लग्नकार्याआधी भांड्यांना कल्हई लावावी तशी माणसे घड्याळ 'नवे करून' घेत. मालक तोच, मनगट तेच, तिथे खोटे काही नाही. तेच रंगविलेले घड्याळ अनोळखी माणसाला 'जुने, अस्सल' म्हणून विकले की ते खोटे होते. पण मालकाला एका शब्दाने विचारायला नको होते काय, हा माझा मुद्दा अजून कायम आहे. "मला विचारलं असतं तर मी होच म्हटलं असतं," हा आजोबांचा. दोघांनीही तो सोडलेला नाही.

मागल्या महिन्यात घड्याळ रोज चार मिनिटे मागे पडू लागले. तेल सुकले असणार. या वेळी निराळ्या दुकानात दिले आणि पावतीवर मी मुद्दाम लिहवून घेतले, "तबकडीस हात लावू नये." आजोबा बरोबर होते. त्यांनी पावती मागून घेतली, चष्मा लावून वाचली, आणि सहा-सातच्या मधली राहिलेली एक खूण तेवढी काढून मिळेल का, असे त्या माणसाला विचारले.